जुन्या इंजिनाची उरलेली साईज

अपघातात गेलेल्या किंवा कटिंगला काढलेल्या गाडीतून उतरवलेले इंजिन जो विकत घेतो, तो खरे तर दोनच वस्तू विकत घेतो: ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, सील, टायमिंगचा पट्टा ही सगळी बाजारात नवी मिळतात. इंजिन खोलले की ती बदलायचीच असतात. हेड बहुतेक वेळा दुरुस्त होते. ब्लॉक आणि क्रँक मात्र घासून घासून पुढच्या मापाला नेता येतात, तेही दोन-चार वेळाच. म्हणून जुन्या इंजिनाची किंमत ते किती किलोमीटर चालले यावर फारशी ठरत नाही. त्या दोन लोखंडी वस्तूंत अजून किती माप शिल्लक आहे, यावर ती ठरते. विकणारा मात्र किलोमीटर सांगतो, आवाज ऐकवतो आणि रंग दाखवतो.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न शहरी छंदाचा नाही, पोटापाण्याचा आहे. अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर)-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा रेल्वेमार्ग 1995 च्या सुमारास मंजूर झाला. बीड शहरात पहिली गाडी आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. मधल्या तीस वर्षांत परळीकडचा भाग सोडला तर जिल्ह्याचे जाणे-येणे एसटीवर आणि जीपवर चालले. आधी कमांडर आणि ट्रॅक्स, मग सुमो, बोलेरो, ओम्नी, इंडिका, आता डिझायर आणि इको. त्यात ऊसतोडीचा हंगाम. दसरा-दिवाळीनंतर पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, केज, वडवणी या भागांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्यांच्याबरोबर ट्रॅक्टर जातात, आणि मागे राहिलेल्या गावांत दवाखाना, बाजार, लग्न, परळीची महाशिवरात्र या सगळ्याला एखादी जुनी चारचाकीच धावून येते. अशा गाडीचे इंजिन बसले की मालकापुढे तीन वाटा असतात. गाडी भंगारात द्यावी, आहे तेच इंजिन बांधून घ्यावे, किंवा कुठून तरी स्वस्तातले दुसरे इंजिन आणून ते बांधावे. तिसरी वाट सर्वांत स्वस्त दिसते आणि बहुतेक वेळा ती तशी नसते.

इंजिन बांधायची कला इथे मोटारीबरोबर आली नाही. ती विहिरीवरून आली. सातारा रोडच्या कूपर कारखान्याने 1933 मध्ये डिझेल इंजिन तयार केले, 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली, आणि वीज पोचायच्या आधी मराठवाड्यातल्या विहिरींवर या कंपन्यांची एका सिलिंडरची इंजिने धडधडू लागली. ती बंद पडली तर शेतातच खोलावी लागत. लायनर काढणे, रिंगा टाकणे, नोझल साफ करणे हे काम गावातल्या फिटरच्या हाताला तेव्हापासून ठाऊक आहे. पुढे ट्रॅक्टर आले, तालुक्याच्या गावी लेथची दुकाने आली, आणि त्याच हातांखाली जीपची इंजिने आली. महिंद्राने 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली. डीआय कमांडर आणि मार्शलमधले 2523 सीसीचे डिझेल इंजिन त्याच घराण्यातले. साडेतीन इंच बोअर, चार इंच स्ट्रोक. मिलिमीटरमध्ये 88.9 आणि 101.6 असे अडनिडे आकडे दिसतात ते त्यामुळेच. ट्रॅक्टर बांधणाऱ्या मिस्त्रीला ही जीप परकी वाटली नाही, याचे कारण इंजिनाच्या कुळात आहे.

बाजारात जुने इंजिन तीन रूपांत येते. पहिले ‘चालू कंडिशन’चे: गाडीला पुढून किंवा मागून धडक बसली, विमा कंपनीने गाडी टोटल लॉस धरली, इंजिन शाबूत राहिले. हे सर्वांत चांगले, आणि म्हणूनच प्रत्येक विकणारा आपले इंजिन अपघाती गाडीचेच असल्याचे सांगतो. दुसरे थकलेले: धूर मारते, ऑईल खाते, पण फिरते. तिसरे बंद पडलेले: गरम होऊन जाम झालेले, गॅस्केट उडालेले किंवा कॉन रॉड ब्लॉकमधून बाहेर आलेले. शेवटच्याला कोणी हात लावत नाही, मात्र त्याचे हेड, मॅनिफोल्ड, स्टार्टर सुटे विकले जातात. नुसता ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन एवढेच घेतले तर त्याला हाफ इंजिन म्हणतात. आपल्या गाडीचे हेड आणि पंप चांगले असतील तर हाफ इंजिन पुरते आणि पैसे वाचतात.

माल येतो छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे इथल्या जुन्या स्पेअरच्या दुकानांतून, मुंबईतल्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून, आणि कधी दिल्लीच्या मायापुरीतूनही. जितका लांबचा माल तितका तो पारखायचा वाव कमी, आणि परत करायचा तर जवळजवळ नाहीच. फोनवर पाठवलेल्या व्हिडिओत इंजिन सुरू होते, एवढेच कळते. बॅटरी लावून, कार्ब्युरेटरमध्ये थोडे पेट्रोल टाकून अर्धा मिनिट कोणतेही इंजिन सुरू होते. ते गरम झाल्यावर ऑईलचे प्रेशर टिकते का, चढावर धूर मारते का, हे अर्ध्या मिनिटात दिसत नाही.

बीडच्या मुलखात इंजिने कशाने मरतात हे लक्षात घेतले तर पारख सोपी होते. पहिला शत्रू धूळ. काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते, परळीकडे औष्णिक केंद्राच्या राखेची भर पडते, आणि एअर फिल्टर झटकून पुन्हा बसवायची सवय सर्वत्र आहे. फिल्टरमधून गेलेली धूळ ऑईलमध्ये मिसळून रिंगांखाली पॉलिश पेपरसारखी फिरते. दुसरा शत्रू पाणी. बेसॉल्टच्या खडकातले बोअरचे पाणी जड असते. ते वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले की ब्लॉकच्या पाणीवाटांत पांढरा थर बसतो आणि सिलिंडरच्या मागच्या बाजूला पाणी पोचेनासे होते. तिसरा शत्रू घाट. बालाघाटाची रांग जिल्ह्याच्या मधून जाते. मांजरसुंबा किंवा धारूरच्या चढावर क्षमतेच्या दीडपट माणसे भरलेली गाडी मे महिन्यात चढते तेव्हा काटा लाल रेषेला टेकतो. त्यावर गॅरेजातला ठरलेला इलाज म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकून देणे. त्याने घाटातली गाडी वाचत नाही, कारण तापायचे कारण तुंबलेला रेडिएटर असतो. उलट सपाटीवर इंजिन कधीच पुरेसे गरम होत नाही, ऑईल घट्ट राहते आणि झीज वाढते. ज्या जुन्या इंजिनात थर्मोस्टॅट जागेवर नाही, ते कधी तरी तापलेले आहे असे समजून चालावे.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. सर्वांत जास्त झिजतो तो वरच्या टोकाशी, जिथे वरची रिंग क्षणभर थांबते, दाब सर्वाधिक असतो आणि ऑईलचा पापुद्रा सर्वांत पातळ. त्याच्याही वर, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे मूळ धातू तसाच राहतो. दोहोंच्या मध्ये पायरी तयार होते. हेड काढल्यावर बोअरच्या वरच्या काठाखाली नख फिरवले आणि ते अडकले, तर इंजिन बोअरिंगला आलेले आहे. नख नुसते लागल्यासारखे वाटले आणि भिंतीवर होनिंगच्या तिरप्या रेघा अजून दिसत असतील, तर रिंगांवर भागेल. ही परीक्षा फुकट आहे, फक्त त्यासाठी विकणाऱ्याने हेड काढू दिले पाहिजे. ‘इंजिन अजून खोललेलं नाही, कंपनीचं सील आहे’ असे सांगून तो नको म्हणतो. त्यातली मेख अशी की न खोललेले इंजिन ही खरोखरच जमेची बाजू असते, आणि तेच न दाखवण्याचे कारणही होते.

हेड न काढता करता येण्यासारख्या गोष्टीही पुष्कळ आहेत, आणि त्या क्रमाने कराव्यात. इंजिन हाताने फिरवून पाहणे पहिले. क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून दोन पूर्ण फेरे द्यावेत. अडखळले किंवा एका जागी खडखडले तर तिथेच थांबावे. मग पुली आत-बाहेर ओढून पाहावी. क्रँक पुढे-मागे जाणवण्याइतकी हलत असेल तर थ्रस्ट वॉशर गेलेले आहेत, आणि ते फार काळ गेलेले असतील तर ब्लॉकची बैठकच खाल्ली गेलेली असते. ऑईल चेंबरचा बोल्ट सैल करून थोडे ऑईल हातावर घ्यावे. काळे ऑईल डिझेलमध्ये चालते. दुधाळ असेल तर पाणी मिसळले आहे. उन्हात धरल्यावर चंदेरी किंवा तांबूस कण चमकले तर बेअरिंगचा वरचा थर उडाला आहे आणि क्रँकवर ओरखडे असणार. इंजिन सुरू होत असेल तर ऑईल भरायचे झाकण उघडून ते उलटे, सैल, तोंडावर ठेवायचे. हलकेसे थरथरले तर ठीक. झाकण उडून बाजूला पडले आणि धुराचा ठसका आला तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते. म्हणजे जळलेला वायू रिंगांच्या बाजूने खाली चेंबरात उतरतो आहे.

कॉम्प्रेशन गेज असेल तर फारच उत्तम. पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला साधारण 10 ते 13 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळतो, जुन्या पद्धतीच्या डिझेलमध्ये तो 25 ते 30 च्या घरात जातो. नेमका आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकात पाहावा. आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक जास्त बोलतो. एका सिलिंडरचा दाब बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी असेल तर पेट्रोल इंजिनात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर गळती रिंगांतून आहे, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्हमधून किंवा गॅस्केटमधून. पहिल्या उत्तराचा अर्थ ब्लॉकचा खर्च, दुसऱ्याचा अर्थ फक्त हेडचा. एलपीजी किंवा सीएनजीवर चाललेल्या ओम्नी-व्हॅनच्या इंजिनात दुसरे उत्तर बऱ्याचदा येते. कोरड्या इंधनावर व्हॉल्व्हच्या सीटा खाली बसत जातात आणि टॅपेट पुन्हापुन्हा घट्ट होते.

खरा निकाल लेथवर लागतो. त्या दुकानाची मापे अजून इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे थाऊमध्ये बोलली जातात: स्टँडर्ड, टेन, ट्वेंटी, थर्टी. टेन म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर, ट्वेंटी म्हणजे अर्धा. बोअर कापला की मोठा होतो, म्हणून पिस्टन ‘ओव्हर’ साईजचा लागतो. क्रँक घासली की बारीक होते, म्हणून बेअरिंग ‘अंडर’ साईजचे. मारुती 800 आणि ओम्नीचे 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन घेतले तर बोअर मुळात 68.5 मिलिमीटर, स्ट्रोक 72. समजा वरच्या टोकाशी बोअर 68.63 मोजला. मग 0.25 ओव्हरचा पिस्टन, म्हणजे 68.75 चा बोअर, त्या झिजेला पोटात घेतो आणि भिंत स्वच्छ निघते. मोजमाप 68.80 आले तर 0.25 निरुपयोगी, सरळ 0.50 ला जावे लागते. आणि पिस्टनच्या माथ्यावर आधीच 0.50 कोरलेले दिसले, तर त्या इंजिनाची साईज संपत आली. पुढे नवे स्लीव्ह ठोकून पुन्हा स्टँडर्डला आणता येते, पण ते काम हातावर अवलंबून असते. स्लीव्ह सैल बसले तर गरम झाल्यावर खाली सरकते, जास्त घट्ट दाबले तर शेजारचा बोअर वाकतो.

क्रँकचे तसेच, आणि थोडे जास्त कडक. बेअरिंगच्या एका टोपीचे दोन बोल्ट काढून शेलच्या पाठीवर पाहिले की माप छापलेले असते. ‘एसटीडी’ दिसले तर क्रँक अजून कोणी घासलेली नाही. ‘020’ किंवा ‘0.50’ असेल तर एकदा किंवा दोनदा घासून झाली आहे. मग मायक्रोमीटर. लेथवाला प्रत्येक जर्नल दोन दिशांनी मोजतो, एकदा उभे, एकदा आडवे, आणि दोन आकड्यांतला फरक म्हणजे जर्नल किती अंडाकृती झाले ते. पाव दशांश मिलिमीटरचा, म्हणजे 0.025 चा फरकही बेअरिंगच्या हिशेबात मोठा असतो, कारण जर्नल आणि बेअरिंगमधली ऑईलची जागा मुळात तेवढीच असते. घासताना जर्नलच्या कडेची गोलाई तशीच राखावी लागते. घाईत चौकोनी कोपरा काढला तर क्रँक नेमकी तिथून तुटते. काही क्रँकांच्या पृष्ठभागाला कारखान्यात कडकपणा दिलेला असतो आणि तो थर पातळ असतो. अशी क्रँक ट्वेंटीच्या पुढे नेली की मऊ धातू उघडा पडतो. वेल्डिंगने भरून पुन्हा घासलेली क्रँक तर फुकट मिळाली तरी गाडीत टाकू नये.

तडा शोधायची जुनी रीत अजून वापरात आहे आणि ती खोटी नाही. क्रँक किंवा हेड रॉकेलने, नाही तर डिझेलने धुऊन काही वेळ भिजू द्यायचे, कापडाने कोरडे ठक्क पुसायचे आणि संशयाच्या जागेवर पांढरा खडू घासायचा. थोड्या वेळाने तड्यात मुरलेले तेल खडूवर पाझरते आणि केसाएवढी काळसर रेघ उमटते. क्रँक दोरीला टांगून हातोडीने हलके ठोकतात तेही त्यासाठीच. शाबूत क्रँक लांबवर वाजते, तडकलेली बद्द वाजते. या दोन्ही परीक्षांनी मोठे तडे सापडतात. बारीक तड्यांसाठी चुंबकीय तपासणी लागते, ती मोठ्या शहरातल्या इंजिन रिकंडिशनिंगच्या दुकानात मिळते.

कोणते इंजिन बांधण्यालायक, हा प्रश्न इथे येऊन पोचतो. जुन्या साध्या इंजिनांच्या बाबतीत उत्तर बहुधा होकारार्थी असते. महिंद्राचे 2523, सुमोचे 1948 सीसीचे टाटा डिझेल, इंडिकाचे 1405, मारुतीचे 796: या सगळ्यांचे पिस्टन, लायनर, बेअरिंग कंपनीचे नसले तरी चांगल्या मार्काचे सहज मिळतात, आणि माप माहीत असलेला माणूस प्रत्येक तालुक्यात असतो. मारुती 800 चे उत्पादन 2014 मध्ये आणि ओम्नीचे 2019 मध्ये थांबले, पण सुट्या भागांचा झरा अजून आटलेला नाही. डिझेलमध्ये मायकोचा पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला टाकले की तो भाग उभा राहतो.

डिझायर-स्विफ्टमधले 1248 सीसीचे फियाट मुळाचे डिझेल हे वेगळे प्रकरण आहे. लोखंडी ब्लॉक भक्कम आहे, इंजिन लाखांनी किलोमीटर चालते, आणि त्यामुळेच टॅक्सीवाल्यांचे लाडके. परंतु त्याचा खर्च ब्लॉकमध्ये नसतो. तो असतो टर्बोत, इंजेक्टरांत आणि टायमिंग चेनमध्ये. जुन्या डिझेलमध्ये नोझल दीड-दोनशे बारला उघडत असे. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या पुढे जातो, आणि डिझेलमधली धूळ किंवा पाण्याचा थेंबही इंजेक्टरला पुरतो. शिवाय इंजेक्टर बदलला की त्याचा क्रमांक गाडीच्या संगणकात भरावा लागतो. ऑईल वेळेवर न बदललेल्या इंजिनात चेन सैल होते, एक दिवस दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. असे इंजिन जुन्या बाजारात ‘फक्त चेन गेलीय, बाकी टकाटक’ म्हणून येते. हेड खोलल्याशिवाय त्यावर पैसे मोजणे म्हणजे जुगार. बीएस-6 गाड्यांचे इंजिन तर सेन्सर, वायरिंग आणि धुराच्या फिल्टरसकट जुळले तरच चालते. गल्लीतल्या गॅरेजात त्याच्या नादी न लागणे शहाणपणाचे.

आता हिशेब. खालचे आकडे मांडणीपुरते धरलेले आहेत. दुकान आणि हंगाम बदलला की ते बदलतील. सत्तर हजारांच्या ओम्नीसाठी जुने इंजिन 15 हजारांना मिळाले. आणायचे भाडे 3. लेथचे काम 8. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सेट 12. ऑईल पंप, पाण्याचा पंप, पट्टा, सील 6. मिस्त्रीची मजुरी 7. ऑईल, कूलंट, फिल्टर 2. एकूण 53 हजार. आता तीच गाडी, स्वतःचे इंजिन: जुन्या इंजिनाचे 15 आणि भाड्याचे 3 गेले, स्लीव्ह टाकावे लागले तर 4 वाढले. एकूण 39 हजार. म्हणजे दुसऱ्याचे इंजिन आणून खोलून बांधणे हे आपलेच बांधण्यापेक्षा जवळपास नेहमी महाग पडते. ते परवडते तेव्हाच, जेव्हा आपला ब्लॉक फुटलेला असतो किंवा क्रँक तुटलेली असते. आणखी एक प्रसंग म्हणजे आणलेले इंजिन खरोखर इतके चांगले निघते की खोलावे लागत नाही. मग भाडे, मजुरी, पट्टा, ऑईल धरून 30 हजारांत काम होते. तेवढ्या आशेवरच हा बाजार चालतो.

हिशेबाला दुसरी बाजू वापराची. बांधलेले इंजिन 60 हजार किलोमीटर चालेल असे धरले तर 53 हजारांचा खर्च किलोमीटरला 88 पैसे पडतो, 39 हजारांचा 65 पैसे. रोज गेवराई-बीड फेऱ्या मारणारी गाडी हे दोन-अडीच वर्षांत फेडते. वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणारी घरची गाडी तेवढे अंतर कापायला वीस वर्षे घेईल, आणि तोवर पत्रा उरणार नाही. भाड्याच्या गाडीला मात्र उभे राहण्याचा खर्च असतो, जो गॅरेजच्या बिलात दिसत नाही. गाळप हंगामाच्या तोंडावर लेथवाल्यांकडे ट्रॅक्टरची रांग लागते. त्या दिवसांत जीपची क्रँक कोपऱ्यात पडून राहते आणि लग्नसराईचे भाडे दुसऱ्याच्या गाडीला जाते. ज्याला घाई नाही त्याने हे काम पावसाळ्यात काढावे.

गाडीचे वयही मोजावे लागते. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. 1 एप्रिल 2022 पासून नूतनीकरणाचे शुल्क 600 रुपयांवरून 5 हजार झाले, शिवाय पर्यावरण कर आणि फिटनेस. चौदा वर्षांच्या गाडीत तिच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम इंजिनात घालण्याआधी चासी, सस्पेन्शन आणि खालचा पत्रा जॅकवर घेऊन पाहिला पाहिजे. चांगले इंजिन कुजलेल्या गाडीला वाचवत नाही, आणि विकताना त्या खर्चाचा पैसाही परत येत नाही. ‘इंजिन नुकतंच बांधलंय’ हे वाक्य ऐकून ग्राहक किंमत वाढवत नाही. उलट का बांधावे लागले, हे विचारतो.

कागदांचा भाग लोक शेवटी ठेवतात, तो पैसे द्यायच्या आधी यायला हवा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल नोंदणी प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि बदल केल्यावर चौदा दिवसांत त्याची नोंद करून घ्यावी लागते. इंजिन क्रमांक हा त्या तपशिलाचाच भाग. जिल्ह्यात हे काम बीडच्या एमएच-23 किंवा अंबाजोगाईच्या एमएच-44 कार्यालयात होते. नवे इंजिन त्याच बनावटीचे आणि प्रकारचे असावे लागते, त्याचे बिल लागते, गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती लागते. पेट्रोल जीपमध्ये ट्रॅक्टरचे किंवा मॅटाडोरचे डिझेल बसवून बिनघोर फिरण्याचे दिवस गेले. अपघात झाला आणि ब्लॉकवरचा क्रमांक पॉलिसीतल्या क्रमांकाशी जुळला नाही, तर विम्याचा दावा अडकू शकतो.

बिलाचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मेरठचा सोतीगंज हा जुन्या स्पेअरचा प्रचंड बाजार चोरीच्या गाड्या फोडण्यासाठी कुप्रसिद्ध झाला आणि 2021 च्या अखेरीस पोलिसांनी तो बंद पाडला. अशा ठिकाणांहून निघालेला माल देशभर फिरला. क्रमांक घासलेला किंवा त्यावर नव्याने ठसे मारलेला ब्लॉक कितीही स्वस्त असो, तो घेणारा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये, म्हणजे चोरीची मालमत्ता जवळ बाळगण्याच्या गुन्ह्यात, अडकू शकतो. म्हणून इंजिन ज्या गाडीतून निघाले तिचा नंबर विचारावा, तो वाहन पोर्टलवर टाकून पाहावा, आणि बिलावर इंजिन क्रमांक लिहून घ्यावा. ‘बिलाचं काय करायचं भाऊ, आपण इथंच बसलोय की’ म्हणणाऱ्या दुकानातून फार तर अल्टरनेटर घ्यावा.

एकदा निर्णय झाला आणि माप निघाले की पुढचे काम मिस्त्रीच्या स्वच्छतेवर अवलंबून. लेथवरून आलेला ब्लॉक आधी पेट्रोलने आणि मग साबणाच्या गरम पाण्याने धुवायचा असतो, कारण होनिंगची बारीक कपची पेट्रोलने निघत नाही; पांढरे फडके बोअरमध्ये फिरवून पांढरेच बाहेर आले की मगच ऑईल लावायचे. ऑईलच्या वाटा तारेने आणि हवेने मोकळ्या करायच्या, ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे प्लग काढून पाणीवाटांतला थर खरवडायचा. हे दोन टप्पे गाळल्यामुळे जितकी बांधलेली इंजिने सहा महिन्यांत परत आली असतील तितकी खराब पिस्टनमुळे आली नसतील. रिंग बोअरमध्ये एकटी घालून तिच्या तोंडाची फट फिलर गेजने मोजायची, बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने आवळायचे. दंडाच्या जोरावर मेन बेअरिंग आवळणारे हात कसबी असतात यात शंका नाही, परंतु ॲल्युमिनियमच्या हेडला तो जोर मानवत नाही. हेड वाकलेले असेल तर फेसिंग करून घ्यावे. पण दर वेळी फेसिंग केले की कॉम्प्रेशन वाढते, आणि डिझेलमध्ये व्हॉल्व्ह पिस्टनच्या फार जवळ येतात. तेवढ्यासाठी जाड गॅस्केट मिळते.

रेडिएटर नवा किंवा रॉडिंग केलेला, थर्मोस्टॅट जागेवर, बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट, एअर फिल्टर नवा: इतके झाल्याशिवाय बांधलेले इंजिन सुरू करू नये, कारण जुने इंजिन ज्याने मेले ते कारण गाडीतच बसलेले असते. पहिल्यांदा सुरू करण्याआधी इंधन तोडून स्टार्टरवर ऑईलचे प्रेशर येईपर्यंत फिरवतात. सुरू झाल्यावर तासन्‌तास आयडलिंगला ठेवायची जी प्रथा आहे ती रिंगांना बाधते. रिंग बोअरला बसायला दाब लागतो आणि तो दाब मध्यम वेगात, मध्यम ओझ्यावर मिळतो. पहिले 500 किलोमीटर घाट आणि भरगच्च सवारी टाळून गाडी चालवायची, मग ऑईल आणि फिल्टर बदलायचे. जुन्या पद्धतीच्या गॅस्केटवर हेडचे बोल्ट थंड इंजिनावर एकदा पुन्हा तपासायचे, टॅपेट लावायचे, आणि निघालेले ऑईल फेकायच्या आधी पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात पाहायचे. पहिल्या बदलात थोडी चमक असते, ती चालते. दुसऱ्या बदलात, हजार-दोन हजार किलोमीटरनंतर, तीच चमक दिसली तर चेंबर उतरवून बेअरिंगच्या टोप्या पुन्हा उघडाव्या लागतात.